अजून ओलंच आहे

भिजवलेल्या जवस-तिळाचे क्रॅकर डिहायड्रेटरमध्ये वाळायला ठेवले, की तिच्या नवऱ्याला दम निघायचा नाही. दार उघडून एकेकावर अंगठा दाबायचा आणि म्हणायचा, "अजून ओलंच आहे."

"आले तपासनीस!" ती त्याच्या हातावर चापट मारायची.

तो वारल्यावर आज तिने पहिल्यांदाच मशीन लावलं. वरची बाजू वाळली तसे तिने क्रॅकर उलटले. ट्रेला चिकटलेल्या बाजूवर, प्रत्येकावर, अंगठ्याचा ठसा होता.

"तूच दाबले असशील, वहिनी," शेजारी उभी असलेली नणंद म्हणाली.

"खालून?"

 नणंद दारापर्यंत मागे सरकली.

वहिनीला मात्र रडू फुटलं. ती तिथेच, एकटी, मशीनपाशी उभी राहिली.

तिच्या भिजल्या गालावर एका अंगठ्याने हलकेच दाबून पाहिलं.