कप्तानाचा शर्ट

"शर्ट काढा!"

दक्षिणेकडच्या स्टँडमधून आधी एकच आवाज आला, मग सगळा स्टँड ओरडायला लागला. पोर्तालूना गावाचा फुटबॉल संघ सामना हरून खालच्या श्रेणीत घसरला होता, आणि रिवाजाप्रमाणे खेळाडूंना स्टँडपुढच्या तारेच्या जाळीपाशी बोलावणं आलं होतं. नालायक ठरलेल्यानं गावाचा शर्ट अंगावर ठेवायचा नाही, तो काढून लोकांच्या हवाली करायचा. अशा वेळी पोलीसही आपल्या बुटांकडे बघत उभे राहतात.

एकेकानं मुकाट्यानं शर्ट काढला. गोलरक्षक तर रडतच होता. जाळीच्या दारातून आत आलेला तुल्लियो ते गोळा करत होता. हा एरवी बाजारात मासे विकतो आणि रविवारी या स्टँडवर राज्य करतो.

राहिला एकटा कप्तान, नाझारेनो. या स्टँडमागच्याच गल्लीत तो आणि तुल्लियो लहानाचे मोठे झाले. पुढे मिलानला जाऊन त्यानं गोलांचा सपाटा लावला, देशाचा निळा शर्ट घातला, सगळ्या इटलीनं त्याला डोक्यावर घेतलं, आणि पाय थकल्यावर तो घरी परतला. इथे गोल केला की धावत या जाळीपाशी यायचा आणि अशी आरोळी ठोकायचा, की वरच्या पायरीवरचे म्हातारेसुद्धा काठी सोडून उभे राहायचे. आज त्याचा शेवटचा सामना होता. हा शर्ट घालून घरी चालत जायचं, एवढंच त्यानं वर्षभर मनाशी धरलं होतं.

"सगळ्यांचे आले, नेनो. तुझा राहिलाय."

"माझा राहू दे, तुल्लियो. पाया पडतो तुझ्या."

"राहू दे? शेवटच्या मिनिटाला बॉल डोक्यावर आला होता, तू उडीसुद्धा मारली नाहीस! मिलानवाल्यांसाठी बरा उडायचास. आमच्या वेळीच पाय जड झाले होय रे?"

पूर्वार्धात पडला तेव्हाच नाझारेनोचा खांदा निखळला होता. संघाच्या मालिशवाल्या एजिदिओनं तो बसवून पट्ट्यांनी आवळला होता. राखीव बाकावर दुसरा आघाडीचा खेळाडू नव्हता, म्हणून तो तसाच खेळला. आता हे सांगावं तर ती सबब ठरणार, आणि हरल्यावर सबब सांगणाऱ्याला या गावात कुत्रंही विचारत नाही.

"काढ! काढ!" वरून गलका वाढला. एक बाटली त्याच्या पायाशी येऊन फुटली.

"काढ ना रे बाबा," तुल्लियोचा आवाज खाली आला. "ही पोरं खाली उतरली तर माझ्याच्यानं आवरायची नाहीत."

"मला काढता येत नाही."

"येत नाही, की काढायचा नाही?"

"हात वर जात नाही."

तुल्लियोनं शर्टाची कड उचलून पाहिलं. काखेपासून बरगड्यांपर्यंत पट्ट्या होत्या, आणि त्यांच्या बाहेर कातडी काळीनिळी पडली होती.

"गाढवा," तो एवढंच म्हणाला. "आता वर कुणाला सांगू मी हे? कोण ऐकतंय?"

एजिदिओ पट्ट्या कापायची कात्री घेऊन धावत आला. "थांबा, मी कापून काढतो. दुखणारही नाही."

पातं कापडाला लागलं तसा नाझारेनो मागे सरला.

"कापायचा नाही. न्यायचाच असेल तर अख्खा न्या. तुल्लियो, तू ओढ."

"जीव जाईल रे तुझा."

"ओढ म्हणतो ना!"

तुल्लियोनं डोळे घट्ट मिटले आणि ओढला.

आरोळी स्टँडच्या शेवटच्या पायरीपर्यंत पोचली. काढ, काढ करणारे सगळे एकदम गप्प झाले. वर एक म्हातारा तेवढा सवयीनं काठी सोडून उभा राहिला होता.