नंबरापुढचं अक्षर

“ब चालणार न्हाय आता.” खिडकीवरच्या गणपतरावांनी विम्याचं कार्ड परत सरकवलं. “कारखान्यानं कळवलंय. ड करून घ्यावं लागंल.”

विद्याश्रीनं खिडकीचा गज धरला. “साहेब, एवढ्या इंजेक्शनापुरतं ब राहू द्या. आईला अजून सांगितलेलं नाही. तिचं हृदय नाजूक आहे. डॉक्टरच म्हणाले, आत्ता नको.”

“अक्षर जुळल्याबिगर स्टोअर औषध सोडत न्हाय, ताई. माझ्या हातात असतं तर अडवलं असतं व्हय?”

ते इंजेक्शन कोल्हापुरात बाहेर कुठंच मिळालं नव्हतं. आजच द्यायचं होतं.

“करा,” ती म्हणाली.

तिच्या आईला, अव्वाला, वाचता येत नव्हतं, पण ही अक्षरं येत होती. विम्याच्या दवाखान्यातल्या रांगांनी ती शिकवली होती. कामगार अ, त्याची बायको ब, पोरं क. शेजारच्या तानाबाईंचा नवरा गेला आणि त्यांचं ड झालं, तेव्हा अव्वाच त्यांना हाताला धरून या खिडकीशी घेऊन आली होती. वॉर्डात सुई टोचण्याआधी नाव आणि अक्षर मोठ्यानं वाचत. पेशंटनं हो म्हटलं, की मगच सुई.

परवा अप्पांना माती देऊन विद्याश्री थेट वॉर्डात आली होती. अप्पांना डबल पाळी लागलीय, म्हणाली होती. “त्या माणसाला एक झेपंना,” अव्वा हसली होती.

औषध वॉर्डात आलं तेव्हा विद्याश्रीनं बाटलीवरच्या चिठ्ठीतलं अक्षर अंगठ्याखाली दाबून धरलं. “सिस्टर, नुसतं नाव वाचा ना.”

“अंगठा काढा ओ. भलत्याला टोचलं तर कोण निस्तरणार?” सिस्टरनं बाटली ओढून घेतली. “बसम्मा चन्नाप्पा. ड.”

अव्वानं डोळे उघडले.

“चुकून पडलंय ते, अव्वा. तुझं ब-च आहे. त्या खिडकीवरच्या माणसानं...”

अव्वा तिच्याकडं बघत राहिली.

“हो म्हणा की, मावशी,” सिस्टर म्हणाली. “पुढच्या खाटा थांबल्यात.”

“व्हय,” अव्वा म्हणाली. “ड. मीच.”

“बांगड्या जरा वर सारा.”

“वर कशाला?” अव्वानं हात पोटाशी घेतला आणि एकेक हिरवी बांगडी उतरवून ती विद्याश्रीच्या ओंजळीत ठेवू लागली.