सुग्रीवच्या अर्जातल्या शेळ्या

"चूप बसा बे! आपला आमदार उठला!" हबीब वरडला.

केजच्या स्टँडसमोर हबीबचा फळाचा गाडा. मोबाईल पपईला टेकवलेला, त्यात मुंबईची विधानसभा चालू. पुढं सुग्रीव उकिडवा बसलेला. त्याच्या सा शेळ्या रोगानं मेल्या, आठ उरल्या. लस न्हाई भेटली तर त्याबी जाणार. गावच्या जनावराच्या दवाखान्यात दीड साल झालं डॉक्टर न्हाई. म्हणून त्यानं आमदाराला अर्ज दिलता.

"त्या कागदात कवाच भजी बांधली असतील," जीपवाला तानाजी हसला.

आमदारानं घडी पडलेला कागद उघडला. "अध्यक्ष महोदय, या माणसानं मेलेल्या शेळ्यांची नावं लिहिलीत. मी वाचतो. मोरी. तांबडी. चंद्री..."

तानाजी फिस्सकन हसला. तिकडं मुंबईत कुणीच हसलं न्हाई. मग त्यानंबी तोंड मिटलं.

अर्ज लिवणारा तवा म्हणलाच होता, आकडा टाका, नावं कावून? सुग्रीव म्हणला, "माझा आकडा न्हाई मेला."

"...भुरी. लंगडी. राणी." आमदारानं कागद खाली ठेवला. "डॉक्टर कधी देणार?"

मंत्री उठले. उद्या लस पाठवतो, म्हणले. पंधरा दिवसांत डॉक्टर.

"बोलायला काय जातंय," तानाजी पुटपुटला.

"समद्यांपुढं बोललाय," हबीब म्हणला. "तिथं शब्द न् शब्द लिवून ठेवत्यात. आता फिरून दाखव म्हणावं."

गाड्यावरचा केळीचा घड खपायच्या आत सुग्रीवचा फोन वाजला. तालुक्याचा जनावराचा डॉक्टर. सकाळी सातला लस घेऊन येतो, शेळ्या रानात सोडू नका. सुग्रीव उभाच राह्यला. "लई उपकार झाले साहेब. च्या आमच्याकडंच घ्या." फोन कट झाला तरी त्याचा हात कपाळाला लागलेला.

मग त्यानं उपरण्यानं डोळे पुसले. "हबीबभाई, ते परत लाव की. लई मायेनं वाचलं त्यानं."

हबीबनं लावलं. तिकडं जीप भरली, माणसं हॉर्न वाजवाया लागली. तानाजी मातर हलंना. सुग्रीवपाशी येऊन बसला.

"दादा, आमच्या वड्यावर पूल न्हाई. मागल्या साली आमची आत्या वाहून गेली. वत्सलाबाई. तिचं नाव लिवलं तर वाचतील का?"

सुग्रीवनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"अरे, माझ्या शेळ्यांचं वाचलं की."