चांदबिबीच्या महालावरची हाक

नगरला येणारा पाहुणा डोंगरावरचा चांदबिबीचा महाल बघायला जातोच. प्रत्यक्षात तो महाल नाही, सलाबतखानाची कबर आहे, हे सुचित्राबाई प्रत्येकाला सांगत. शाळेत इतिहास शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता.

त्या दिवशी बरोबर पाहुणे नव्हते, फक्त यजमान होते. दोन वर्षांपूर्वी घशाच्या ऑपरेशनमध्ये हेमचंद्ररावांचा आवाज कायमचा गेला होता. जिना झेपणार नाही म्हणून ते बाहेर कट्ट्यावरच बसले.

भरदुपारी वर कोणीच नव्हतं. भिंतीतला अरुंद जिना चढून बाई वरच्या मजल्यावर पोचल्या. खाली सगळं नगर पसरलेलं पाहून त्यांनी जुन्या सवयीनं हाक मारली, "अहो, ऐकलं का?"

"ओ! आलो गं."

तोच आवाज होता, 'गं' थोडा लांबवणारा. बाईंचे डोळे भरून आले.

"खरंच बोललात? अहो, परत बोला ना!"

"आलोच म्हटलं की."

जिन्यात चपला वाजू लागल्या. त्यांना दम लागेल म्हणून हात द्यायला बाई तिकडे निघाल्या. वाटेत कमानीतून सहज त्यांची नजर खाली गेली.

हेमचंद्रराव कट्ट्यापाशी उभे होते. वर बघत, तोंड उघडून, दोन्ही हात जिवाच्या आकांतानं हलवत ते बाईंना खाली बोलावत होते.

चपला बाईंच्या पाठीशी येऊन थांबल्या.

"सुचित्रा," आवाज मायेनं म्हणाला, "त्याच्याकडं बघू नकोस गं."