लवंगीचं पोतं

आईनं पोतं झटकून दारात ठेवलं. "संध्याकाळी बाबा या मांजरीला लांब सोडून येतील."

लवंगीच्या डोळ्यांना सारखं पाणी येत होतं. माझं महिन्याचं बाळही शिंकत होतं, आणि हे दुखणं मांजरीनंच दिलं अशी आईची खात्री होती. बाळंतिणीला उंबरा ओलांडायची परवानगी नव्हती, म्हणून मी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनाच घरी बोलावलं.

त्यांनी लवंगीची पापणी ओढून पाहिली. "पू नाही, चिपडं नाहीत. संसर्ग वाटत नाही. नुसतं पाणी आहे," असं म्हणता म्हणता त्या स्वतःचेच डोळे पुसायला लागल्या. शेजारी आई न्हालेल्या बाळाला शेगडीत ओवा टाकून धुरी देत होती. त्या शेगडीला लागूनच लवंगी रोज झोपायची.

मी बाजेवर ताडकन उठून बसले. "आई, तिघांनाही धूरच लागतोय. शेगडी बाहेर ने." आईनं डॉक्टरीणबाईंच्या लाल डोळ्यांकडे पाहिलं आणि गुपचूप शेगडी उचलली.

आठवड्याभरात लवंगीचे डोळे लख्ख झाले, बाळाच्या शिंका थांबल्या. मी आनंदानं सगळ्यांना फोन करत सुटले. आईनं तेच पोतं चौपदरी घडी घालून बाळाच्या पाळण्याखाली लवंगीसाठी अंथरलं.