पाण्याखालची ओसरी

धरणावर पक्षी पाहायला येणाऱ्यांना मनकर्णावहिनी दर रविवारी हौसेनं फिरवायची. नाव मी वल्हवायचो. खाली आमचं बुडालेलं गाव. वहिनी मला जुन्या गल्ल्यांवरूनच न्यायला लावायची, फक्त एका वाळल्या निंबाकडे कधी वळू द्यायची नाही. तो तिच्या अंगणातला. गाव उठायच्या आदल्या दुपारी तिचा सासरा तिथं ओसरीवर झोपला, तो उठलाच नाही. आज बुलढाण्याच्या मास्तरीणबाईंना दुर्बिणीतून त्या निंबावर पाणकावळ्यांची पिल्लं दिसली. “जवळून दाखवता?” त्यांनी विचारलं. वहिनीनं निंबाकडे पाहिलं. मग म्हणाली, “भाऊजी, फाटकातून घ्या.” फाटक होतं तिथून मी नाव आत घेतली. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. “हळू बोला,” ती मास्तरीणबाईंना म्हणाली, “मामाजीचा डोया लागला हाये.” मी वल्हं उचललं, तरी नाव आपसूक पुढं सरकून ओसरीपाशी थांबली.