शिंप्याचं खातं

"गवंड्याने रंगाचे डबे उधार नेले. नावे कोण?"

"गवंडी, सर."

"का?"

"माल नेला, पैसे दिले नाहीत. म्हणजे तो आपला ऋणको. त्याचं खातं नावे, विक्री खातं जमा."

"शाब्बास, बाळ." सरांनी मान डोलावली. मग पुन्हा विचारलं, "गवंड्याने रंगाचे डबे उधार नेले. नावे कोण?"

तिने पुन्हा सांगितलं. घोकल्याशिवाय हिशेब डोक्यात बसत नाही, असं सरांचंच म्हणणं होतं.

ती त्यांच्या खाटेसमोर सतरंजीवर बसली होती, मांडीवर वही घेऊन. पंखा कुरकुरत होता. बाहेरच्या खोलीत कुणीतरी येरझाऱ्या घालत होतं.

"कोण आहे गं?"

"दादा."

"न्यायला आलाय? त्याला म्हणावं, शिकवणी संपल्याशिवाय कुणाला न्यायचं नाही."

"सांगितलंय. पण तो म्हणतो, आज जमलं नाही तर उद्यापासून हे सगळं बंद."

"बंद कसं? माझ्या हाताखालचं कुणी आजवर नापास झालेलं नाही. लिही तू. मी तपासतो."

ती लिहू लागली. आधी गवंड्याची उधारी. मग त्याने निम्मे पैसे आणून दिले, त्याची नोंद: रोख खातं नावे, गवंड्याचं खातं जमा. शेवटी शिंपी. शिंप्याने कात्री घेतली आणि पैसे तिथल्या तिथे दिले.

तिचा हात जरा थांबला. मग तिने लिहिलं: शिंप्याचं खातं नावे, विक्री खातं जमा.

इथे ती रोज चुकायची. रोज सरांची तांबडी पेन्सिल याच ओळीवर थबकायची. "अगं वेडाबाई," काल ते म्हणाले होते, "ज्याने पैसे मोजले तो मोकळा झाला. त्याला वहीत कशाला अडकवून ठेवतेस? रोख खातं नावे कर आणि जाऊ दे बिचाऱ्याला कपडे शिवायला." आणि स्वतःच हसले होते.

तिने वही पुढे केली.

तांबडी पेन्सिल गवंड्यावरून खाली सरकली. शिंप्यापाशी आली. पुढे गेली. पानाच्या तळाशी बरोबरची मोठी खूण उमटली.

"पैकीच्या पैकी."

"सर, शिंप्याचं एकदा बघा ना. त्याने रोख दिले होते."

"बघितलं की. शिंप्याचं खातं नावे. अगदी बरोबर." त्यांनी वही मिटून तिच्या हातात दिली. "पळ आता. उशीर झाला तर आई रागावेल."

"नाही रागावणार."

ती गुडघ्यावर हात टेकून उठली. बाहेर आली आणि दार ओढून घेतलं.

दादाच्या पायाशी कपड्यांनी भरलेली बॅग होती.

"काय गं, पकडली का त्यांनी आज तुझी चूक? की सकाळी वृद्धाश्रमाची गाडी बोलावू?"

तिने पर्समधून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. कपाळावर आलेली पांढरी बट मागे सारली. लोकांच्या वह्यांतल्या चुका शोधून देण्याचाच ती इतकी वर्षं पगार घेत आली होती.

"बाबांनी लगेच पकडली," ती म्हणाली. "बॅग रिकामी कर."